जाड दोरा

दोरा जात होता. हे वाक्य मी आजवर कुणापुढं बोललेलो नाही, बायकोपुढंही नाही. तापीकाठच्या एका अक्कांचा जुना काचेचा मणी माझ्या हातून फुटला. त्यांना मी सांगितलं की तुम्ही म्हणालात तसा जाड दोरा भोकातून जाईना, म्हणून भोक मोठं करायला गेलो आणि मणी गेला. त्यांनी ते मानलं. पण दोरा जात होता. थोडा आवळ, पण जात होता. मी स्वतः ओढून पाहिला होता. सळई मी वेगळ्याच कारणासाठी घातली. ते कारण सांगायचं तर आधी माझा धंदा काय आणि माझा नाद काय, हे सांगावं लागेल.

संपादकांनी मला जुन्या मण्यांच्या संग्रहाबद्दल लिहायला सांगितलं आहे, गमतीजमती येऊ द्या म्हणाले. गमतीजमती आहेत, त्या येतील. पण ही गोष्ट आधी लिहिली नाही तर बाकीचं लिहायला हात चालणार नाही.

मी पटवेकरी. जळगावच्या सराफ बाजारात बसतो. सोनार दागिना घडवतो, पटवेकरी तो ओवतो आणि गाठवतो. मंगळसूत्र, पोत, ठुशी, मोहनमाळ, ज्या दागिन्यात दोरा आहे त्यावर शेवटचा हात आमचा. जळगावचं सोनं घ्यायला कुठून कुठून माणसं येतात, दुकानांच्या जाहिराती पानभर छापून येतात. आमची जागा त्या दुकानाच्या पायरीशेजारी, मांडी घालता येईल एवढी. दोऱ्याचं टोक पायाच्या अंगठ्याला अडकवायचं, दोरा ताणायचा, मेण फिरवायचं आणि मणी सारत न्यायचे. माझ्या अंगठ्याला त्या दोऱ्याचा चर पडला आहे. वडिलांच्याही होता. चपला बाहेर काढून मी कुठल्याही लग्नात गेलो तरी जुने सराफ पायाकडं बघूनच हसतात.

बाहेरच्या माणसाला वाटतं, ओवणं म्हणजे काय, सुईत दोरा घातला की झालं. तसं नसतं. वडील म्हणायचे, मणी नंतर बघ, आधी भोक बघ. भोकाची कड धारदार असेल तर कितीही चांगला दोरा चार महिन्यांत कापला जातो. भोक तिरकं असेल तर माळ गळ्यात नीट बसत नाही, एका अंगाला वळते, आणि बाई बिचारी समजते आपली मानच वाकडी. भोक तपासायला आमच्याकडं बारीक पोलादी सळई असते. ती मण्यात घालून हलकेच फिरवायची. कड टोचते का, आत मळ आहे का, ते बोटाला कळतं. माझ्या बोटाला ते फार चांगलं कळतं. हे मी बढाई म्हणून लिहीत नाही. बाजारात विचारा.

आमच्या धंद्याचा आणखी एक रिवाज आहे. उरलेला मणी गिऱ्हाइकाला परत द्यायचा, आणि फुटलेला मणीही परत द्यायचा, कपच्यांसकट. फुटला म्हणून टाकून दिला असं म्हणायचं नाही. तुकडे कागदात बांधून हातात द्यायचे आणि मान खाली घालून बोलणी ऐकायची.

आता नाद.

खेड्यातल्या बायका पोत गाठवायला आणायच्या, त्यात काळ्या मण्यांच्या मध्येच एखादा भलताच मणी असायचा. लाल दगडाचा, हिरवट काचेचा, कधी पिवळा. विचारलं की उत्तर ठरलेलं, पांढरीवर सापडला. जुनी वस्ती जमिनीत गेली की तिथली माती राखेसारखी पांढुरकी होते, त्या टेकाडाला आमच्याकडं पांढरी म्हणतात. नांगर फिरला की तिथं खापरं वर येतात, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे येतात आणि मणी येतात. लोक ते उचलतात आणि पोरांच्या, नाहीतर शेळीच्या गळ्यात बांधतात.

असाच एक मणी मी एकदा धुळ्याला एका सरांना दाखवला. ते कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झाले होते आणि बायकोचं मंगळसूत्र घेऊन माझ्याकडं आले होते, ती आमची ओळख. त्यांनी मणी खिडकीच्या उजेडात धरला, फिरवला, आणि म्हणाले की हा इथला नाही. काचेच्या दोन थरांमध्ये सोन्याचा वर्ख धरलेला आहे, हे काम भूमध्य समुद्राच्या काठचं. मिसरदेशातून, म्हणजे इजिप्तमधून, सिरियाच्या किनाऱ्यावरून असला माल गलबतांनी भडोचला उतरायचा आणि बैलांच्या पाठीवर तापीच्या खोऱ्यात यायचा, हजारो वर्षांपूर्वी. मी म्हणालो, सर, हा माझ्या मावशीच्या शेळीच्या गळ्यात होता. सर म्हणाले, शेळीला चांगलं नशीब मिळालं.

त्या दिवसापासून मी गेलोच म्हणायचा. वर्ख धरलेले मणी, वाटाण्याएवढा काचेचा मद्यकुंभ, ज्याला वर कडी आहे म्हणजे तो साखळीत लोंबायचा, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे लांबोडे मणी, अंगठीत बसवायचा कोरीव खडा. काही पांढरीवरचे, काही मुंबई-पुण्याच्या नादिष्टांशी अदलाबदल करून मिळालेले. ते सगळं माझ्या आईच्या मसाल्याच्या डब्यात आहे. सात वाट्या, प्रत्येकीत कापूस. बायकोनं त्या डब्याचा दावा कधीच सोडून दिला आहे.

खेड्यातून मणी मिळवायची माझी रीत सरळ होती. सापडलेला मणी आमच्याकडं विकत नाहीत, लक्ष्मी जाते म्हणतात. पण मण्याला मणी चालतो. मी माझा डबा उघडायचा, बाईनं हवा तो नवा मणी निवडायचा, जुना मला द्यायचा. चकचकीत लाल मणी घेऊन जाताना त्या माझ्याकडं कीव आल्यासारखं बघायच्या. नरडाण्याच्या बाजारात एकीनं तर विचारलं, "हाई भंगार ली जाईसन काय करशी भाऊ?" कोण कुणाला फसवत होतं यावर आजही वाद घालता येईल. मी घालत नाही.

नादिष्ट म्हणून नाव झालं तसे लोक यायला लागले. पाचोऱ्याचे एक कापसाचे व्यापारी बायकोला घेऊन आले. मिसरदेशाच्या सहलीहून त्यांनी एक माळ आणली होती, मखमलीच्या पेटीत. विकणाऱ्यानं राजाच्या थडग्यातली म्हणून शपथ घेतली होती. मी सळई घातली. जुन्या मण्याचं भोक दोन्ही तोंडांशी झिजून गुळगुळीत झालेलं असतं, आत थोडं वेडंवाकडं असतं. हे भोक एकसारखं, आरपार, जणू काल पाडलेलं. आणि ते कालच पाडलेलं होतं, उत्तर प्रदेशात. तसले मणी माझ्याच खोक्यात पडले होते. मी एक मूठ काढून त्यांच्यापुढं ठेवली. शेठजींनी पेटीचं झाकण लावलं. वहिनी मात्र डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. म्हणाल्या, आपलाच माल आपण विमानात बसवून घरी आणला, त्याला निदान फिरवून तरी आणलं.

दीपनगरच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेले एक साहेब तर पिशवी भरून काळी चकचकीत खडी घेऊन आले. भुसावळजवळ प्राचीन काचेचा कारखाना होता आणि तो आपण शोधून काढला, असं त्यांचं म्हणणं. मी एक खडा फोडून दाखवला आणि विचारलं, साहेब, आयुष्यभर ज्या भट्टीशेजारी काम केलं तिचा मळ ओळखला नाहीत? त्यांनी खडा उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाले, खाली काय पडतं ते बघायचं काम दुसऱ्या विभागाकडं होतं. पुढं आमची मैत्री झाली. त्यांनी दिलेलं भिंग मी अजून वापरतो.

आता अक्का.

गावाचं नाव लिहीत नाही. नरडाण्याहून तापीच्या अंगाला जाताना लागतं, एवढं पुरे. अक्का तेव्हा साठीच्या पुढच्या असतील, उंच, खणखणीत आवाजाच्या. पहिल्यांदा त्या आल्या ते लहान मुलाच्या गळ्यातली एक माळ घेऊन. काळे मणी, चांदीचे दोन गोंडे आणि मधोमध हरभऱ्याहून मोठा, बोराहून लहान असा गर्द निळा काचेचा मणी. त्याच्या अंगावर पांढऱ्या कड्यांचे डोळे, सगळ्या बाजूंनी, कुठूनही धरला तरी एक डोळा आपल्याकडं बघणारच. त्या त्याला डोळामणी म्हणत.

असला मणी मी तोवर फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिला होता. भूमध्य समुद्राकाठच्या लोकांनी नजर लागू नये म्हणून केलेला. इतक्या लांबून आलेला मणी खानदेशात येऊनही तेच काम करत होता, आणि त्याला ते काम कुणी समजावून सांगितलेलं नव्हतं. मी सरांना हे सांगितलं तेव्हा ते खुर्चीतून उठून खोलीत फेऱ्या मारायला लागले होते.

त्या गावाची रीत अशी की कुठल्याही घरात बाळ जन्मलं की घरची म्हातारी अक्कांकडं येऊन माळ मागायची. बारशाला अक्कांनी स्वतः जाऊन ती बाळाच्या गळ्यात घालायची. बाळ बसायला लागलं की माळ परत यायची आणि दुसऱ्या घरी जायची. घर कुठल्या जातीचं, भावकीत भांडण आहे का, हे बघायचं नाही. अक्कांकडं ती सासूकडून आली होती, सासूकडं तिच्या सासूकडून. अर्ध्या गावाच्या गळ्यात ती पडून गेली होती. सरपंचाच्या, वायरमनच्या, दारू पिऊन पडणाऱ्याच्याही.

मी मण्याला मणी म्हणून पाहिलं. डबा उघडला, म्हटलं हवे तेवढे घ्या. अक्कांनी डब्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"हाई माळ मनी नही भाऊ, गावनी शे. तुना घरमा लेकरू व्हई ना, तवय ली जाय."

माळ गावाची, माझ्या घरात लेकरू जन्मेल तेव्हाच न्यायची; आणि माझी धाकटी मुलगी तेव्हा कॉलेजात होती. शेजारचा सराफ हे ऐकून कितीतरी दिवस मला विचारायचा, काय भाऊ, माळ आणायला कधी जायचं? मी पुढच्या खेपेलाही मागितला, त्याच्या पुढच्याही. अक्कांना त्याची गंमत वाटायला लागली होती. माळ माझ्या हातात देताना त्या मणी मुठीत झाकून शेजारच्या सराफाला म्हणायच्या, दखजो बरं, येनी नजर डोळामणीलेच लागी जाई.

आणि मग तो दिवस आला. एका घरी बाळानं माळ ओढली, दोरा तुटला, मणी घरभर. डोळामणी खाटेखाली सापडला. अक्का घाबरून गेल्या होत्या. नेहमीचा खणखणीत आवाज नव्हता. मला म्हणाल्या,

"आते असा जाड दोरा घाल भाऊ, का बैल बांधा तरी तुटाव नही."

मी म्हणालो, घालतो. त्यांना जिल्हा रुग्णालयात कुणाला तरी भेटायचं होतं, त्या गेल्या. दुपारची वेळ, बाजार थंड. मी जाड दोरा घेतला, मेण लावलं, सुई ओवली. काळे मणी गेले. डोळामणीत सुई घातली, ओढली. आवळ होता, पण दोरा पलीकडं आला. माझं काम तिथं संपलं होतं.

पण मी मणी उजेडात धरला, आणि भोकाच्या कडेला मला पांढुरका थर दिसला.

हे समजून घ्या. जुना कारागीर लोखंडी सळईला मातीचा पातळ लेप द्यायचा आणि त्यावर वितळलेली काच गुंडाळायचा. थंड झाल्यावर मणी सळईवरून सुटावा म्हणून तो लेप. त्यातली थोडी माती भोकात चिकटून राहते. सरांनी मला सांगितलं होतं की ती माती मिळाली तर मणी कुठल्या काठावर तयार झाला हे तपासून कळू शकतं. माझ्या डब्यातल्या सगळ्या मण्यांची भोकं दोऱ्यानं घासून स्वच्छ झालेली. आणि इथं, लहान पोरांच्या गळ्यात आयुष्य काढलेल्या मण्यात, ती माती शाबूत होती. चिमूटभर काढून घेतली तर कुणाला कळणार होतं? मणी तर परत देणारच होतो.

मी दोरा काढला. सळई घातली. कागदावर पांढरी पूड पडली. पुरे होती. पण आत अजून होती, आणि माझ्या बोटाला ती कळत होती. मी सळई आणखी फिरवली.

आवाज अगदी बारीक झाला, नख मोडावं तसा. मण्याचे दोन भाग झाले, बरोबर एका डोळ्यातून.

आता इथं मला फार सांभाळून लिहायला हवं. माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं ती भीती नव्हती, वाईट वाटणंही नव्हतं. मला आनंद झाला. चिरेतून डोळा आतून दिसत होता. पांढरा थेंब, त्यावर निळा, त्यावर पुन्हा लहान पांढरा, वाटीत वाटी ठेवावी तसे थेंब आत उतरत गेले होते. हा डोळा वरून काढलेला नव्हता, घडवलेला होता. मी भिंग घेऊन बघत बसलो. अक्कांची आठवण त्यानंतर झाली.

रिवाजाप्रमाणं तुकडे कागदात बांधून त्यांच्या हातात द्यायला हवे होते. पण मी हा मणी पुन्हा पुन्हा मागितला होता, सगळ्या बाजारादेखत. आता फुटला म्हणालो तर कोण खरं मानणार? मी स्वतः मानलं नसतं. खोक्यात एक नवा डोळ्यांचा मणी होता, उत्तर प्रदेशातला, जवळपास तेवढाच. त्याची चकाकी मारायला तो चहाच्या चोथ्यात घोळवला, धुतला, ओवला, गाठवला. गाठ अशी मारली की आजही सुटली नसेल.

अक्का आल्या. माळ दोन्ही हातांत धरून त्यांनी खसकन ओढून बघितली. दोरा हलला नाही. मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बोटं मोडली.

अर्धुकं मी मसाल्याच्या डब्यात मधल्या वाटीत ठेवली. कालांतरानं सरांना दाखवली आणि सांगितलं, शिरपूरकडच्या एका पांढरीवर असाच फुटका सापडला. सर खूश झाले, पाहुण्यांना घेऊन आले. फुटल्यामुळंच तो माझ्या संग्रहातला सगळ्यात नावाजलेला मणी झाला. धुळ्याच्या एका प्रदर्शनात तो मधोमध ठेवला होता. लोक वाकून वाकून बघत होते, आणि मी शेजारी इस्त्रीचा सदरा घालून उभा.

वर्षं गेली. माळ गावात फिरत राहिली. मग एकदा सरांनी ती अर्धुकं पुन्हा मागितली आणि माझं भिंग लावून बराच वेळ बघितली. म्हणाले, शेतात फुटलेल्या काचेची कड मातीनं मळते, ही कड ताजी आहे. आणि भोकात पोलादाचा ओरखडा आहे.  सरांनी तुकडे कापसात ठेवले, डबा माझ्याकडं सरकवला आणि म्हणाले, "मला सांगू नका. ज्याला सांगायचं त्याला सांगा."

पुढच्याच आठवड्यात मी बसनं नरडाण्याला उतरलो, तिथून काळीपिवळीनं गावात. अक्का ओट्यावर तूर निवडत बसल्या होत्या. मला बघून आधी सुनेला चहा ठेवायला सांगितलं, मग विचारलं कसा काय आलास. मी कागद उघडून तुकडे त्यांच्या तळहातावर ठेवले. सांगितलं की खरा डोळामणी हा, माळेत आहे तो मी घातलेला आहे, माफ करा.

अक्कांनी तुकडे जुळवून बघितले. बोटांनी डोळा मिटवून उघडावा तसं केलं. रागावल्या नाहीत. नुसतं विचारलं,

"कसा फुटना?"

सगळं सांगायचं म्हणूनच मी बसमध्ये बसलो होतो. पण त्यांनी विचारलं आणि माझ्या तोंडातून निघालं, तुम्ही जाड दोरा घाल म्हणाला होता अक्का. तो जाईना, भोक मोठं करायला गेलो.

त्यांनी सुपातली तूर एका अंगाला सारली.

"मंग मनाच हट्ट. मीच बोलनू ना, जाड घाल म्हनी."

मी नाही म्हणालो नाही. चहा आला, मी चहा प्यालो.

मी मणी परत घ्या म्हणालो, तर त्या म्हणाल्या फुटलेला मणी घरात ठेवत नाहीत, तूच ने. माळेतला नवा मणी मात्र तसाच राहू द्यायचा होता. इतक्या लेकरांच्या गळ्यात जाऊन आलेला तोही आता गावातलाच झाला, असं त्यांचं मत. फक्त गावाला सांगावं लागेल, ते मी सांगते, म्हणाल्या. मला वाटलं त्या माझं नाव सांगतील. परतीच्या वाटेवर मी तेवढी तयारी मनाशी केली होती. त्या गावाची गिऱ्हाइकं तुटली तर तुटली, असं स्वतःला बजावत मी घरी आलो, आणि खरं सांगतो, हलकं वाटलं.

गिऱ्हाइकं तुटली नाहीत. लग्नसराईत त्याच गावची एक बाई लेकीचं मंगळसूत्र गाठवायला आली. मी सहज विचारतो असं दाखवून अक्का कशा आहेत म्हणालो.

"ती अक्का? तिनीच ते मणी फोडा ना. जाड दोरा, जाड दोरा, एकच हट्ट. बठ्ठा गावनी चीज, हिनामुळे गई."

मग तिनं सगळं सांगितलं. अक्कांनी एका बारशात, सगळ्या बायकांपुढं, उभं राहून सांगितलं होतं की खरा डोळामणी फुटला, माझ्या हट्टामुळं फुटला, आणि इतके दिवस तुमच्या लेकरांना मी दुसराच मणी घातला. इतके दिवस त्यांना स्वतःला माहीत नव्हतं, हे त्यांनी सांगितलं नाही. माझं नाव त्यांनी घेतलंच नाही. कुणी तरी शंका काढली म्हणे, पटवेकऱ्यानं फोडला असेल. तर त्या म्हणाल्या, तेना हातमा मणी फुटस नही.

आता माळ कुणी मागत नाही. बारशाला अक्कांना बोलावतात, पण गळ्यात काय घालायचं ते ज्याचं त्यानं बाजारातून आणलेलं असतं. कुणाचं बाळ आजारी पडलं की एखादी तरी म्हणतेच, नवा मणी घातला होता ना अक्कानं. त्यांच्या स्वतःच्या नातसुनेनंही आपल्या बाळाला जळगावातून काळ्या मण्यांची मनगटी नेली. ती मनगटी कुणी गाठवली असेल याचा विचार मी करत नाही. ती बाई हे सगळं सांगत होती तेव्हा मी तिच्या लेकीचं मंगळसूत्र गाठवत होतो. हात चालू होता. मी काही बोललो नाही. गाठ उत्तम बसली.

मी चांगला पटवेकरी आहे. जळगावात माझ्याइतका भोकाचा अंदाज असणारा माणूस दुसरा नाही, आणि जुन्या काचेबद्दल माझं म्हणणं धुळ्यापासून पुण्यापर्यंत लोक ऐकून घेतात. यातलं काहीच खोटं नाही. माझ्या हातात मणी फुटत नाही, हे अक्कांचं बोलणंही त्या एका दुपारपर्यंत खरं होतं. पण दोन ओळींचं खरं सांगायला मला जमलेलं नाही. मी चूक सांगून मोकळा झालो असं समजून घरी आलो, आणि तिचं ओझं त्या बाईच्या डोक्यावर ठेवून आलो. तिनं ते उचललं, कारण तिला वाटलं ते तिचंच आहे.

इथं लिहिलं म्हणून काही फिटत नाही. मी गावाचं नाव लिहिलेलं नाही, अक्कांचंही नाही, आणि त्या गावात दिवाळी अंक जात नाही. सरांना खरं ठिकाण मी फोनवर सांगितलं, त्यांनी ते लिहून घेतलं, तेवढं झालं. अक्का आहेत. प्रकृती बरी आहे, कान मात्र फार जड झालेत म्हणतात. शेजारी बसून हळू आवाजात सांगून भागणार नाही. त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलायचं म्हणजे ओट्यावरच्या बायकांना ऐकू जाणार, गल्लीला ऐकू जाणार. तसंच बोलायला हवं. मणी अक्कांच्या हट्टानं फुटला नाही, माझ्या हावेनं फुटला. त्यांच्या दोऱ्याचा काही दोष नव्हता. एवढं त्यांच्या गावात जाऊन, त्यांच्यासमोर, ओरडून सांगण्याचं देणं मी लागतो. ते मी अजून केलेलं नाही.